उलट्या मोटरीचा उन्हाळा

होळीची राख गार होते न होते, तोच माझ्या नाकाला तो वास यायला लागतो. जळक्या वार्निशचा आणि भाजलेल्या तांब्याचा. खरं तर आता आमच्या गल्लीत जळालेल्या मोटरी भरून देणारं एकही दुकान उरलेलं नाही. माझं होतं, तेही मी बंद केलं. तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात. बायको म्हणते, वास बाहेर नाही, तुमच्या डोक्यात आहे. असेलही. ज्या माणसानं उभा जन्म मोटरींच्या पोटात हात घातले, त्याच्या डोक्यात काय मोगरा फुलणार?

उन्हाळा म्हटलं की लोकांना आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला दमणूक आठवते. आमच्या जामखेडच्या बाजूचा उन्हाळा तसाही कौतुक करण्यासारखा नसतो. न्याहारीच्या वेळेलाच पत्रा तापतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि संध्याकाळी जो वारा सुटतो तो तोंडावर धूळ मारायलाच सुटतो. अशात परवा लांबच्या मळ्यातल्या भानुदासचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. "काका, बोरची मोटर चालतीय, पण पाणी येत नाही. आबा म्हणाले, तुम्हालाच घेऊन ये." मी म्हटलं, अरे, मी काम सोडलंय, गुडघे बोलतात आता. तो म्हणाला, "आबा म्हणाले, बबनला म्हणावं मळ्यातली मोटर आहे, तो येईल." मग मी उठलो. पिशवीत पाना, टेस्टर आणि चष्म्याचं घर टाकलं आणि त्याच्या मोटरसायकलवर मागं बसलो. त्या मळ्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सायकलवर गेलो होतो, आणि मला मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं.

तो दुष्काळाचा उन्हाळा. लोक त्याला बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण त्याचा खरा जाळ लागला तो त्याच्या पुढच्या चैत्र-वैशाखात. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. पुढं शिकायचं असं घरात कुणी म्हणालं नाही आणि शिकायचं नाही असंही कुणी म्हणालं नाही. तो विषयच निघाला नाही. आमची विहीर दिवाळीलाच तळाला गेली होती. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. संध्याकाळी दोघं परत आली की लांबून ओळखू यायची नाहीत, भुवयांपर्यंत पांढरी धूळ. आई हातपाय न धुताच उंबऱ्यावर बसून राहायची, कारण धुवायला पाणी काढायचं म्हणजे उद्याच्या पिण्याला हात लावायचा.

दादांनी एके दिवशी मला याकोब मिस्त्रींच्या दुकानात नेऊन उभं केलं. "पोरगं मॅट्रिक हाय," ते म्हणाले. मिस्त्रींनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, हातांकडे बघितलं. "मॅट्रिकचं ऱ्हाऊ द्या. हाताला घाम येतो का रं लई?" दादा गोंधळले. मी म्हटलं, न्हाई येत. "मग ऱ्हा उद्यापासनं. घामेजल्या हातानं तार गंजती." माझ्या शिक्षणाची एवढीच परीक्षा झाली आणि तीत मी पास झालो.

मिस्त्री मूळचे नगरचे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांचं बालपण गेलं, तिथंच कुठल्याशा कारखान्यात ते मोटरी भरायला शिकले आणि लग्नानंतर जामखेडला येऊन राहिले. उंच, सडसडीत, कानावर पेन्सिल. रविवारी पांढराशुभ्र सदरा घालून प्रार्थनेला जायचे आणि सोमवारी त्यांच्या नखांत पुन्हा वार्निश. गिऱ्हाईक मोटर घेऊन जाताना तिच्यावर नारळ फोडायचं, हळदकुंकू लावायचं; मिस्त्री बाजूला उभे राहून खोबऱ्याचा तुकडा हातावर घ्यायचे आणि कपाळाला लावून खायचे. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. त्यामुळे दुकानात ते हळू बोलायला लागले की मी हातातलं काम खाली ठेवायचो.

दुकान म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. त्या वर्षी बाजारातले सगळे धंदे बसले आणि आमचा तेवढा उभा राहिला, याचं मला ओशाळं वाटायचं. विहिरी खोल गेल्या तसे लोकांनी पंप आणखी खाली उतरवले. वीज आली की सगळे मळे एकदम बटण दाबत, व्होल्टेज कोलमडायचं, मोटर नुसती गुरगुरायची आणि गुरगुरता गुरगुरता जळून जायची. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मग कुणी ती सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचं, कुणी काठीला अडकवून दोघांच्या खांद्यावर. बैलगाडी क्वचितच यायची; बैल होते कुठं, ते छावणीत गेलेले नाहीतर बाजार दाखवलेले.

मोटर खोलायची, जळकी वेटोळी छिन्नीनं तोडायची आणि पकडीनं उपसून काढायची. हे काम माझ्याकडं. उपसताना बोटांची सालटी निघायची, काजळी नाकातोंडात जायची. मग खाचा घासून त्यांत कागद बसवायचा, लाकडी साच्यावर नवी तार गुंडाळून वेटोळी करायची, ती एकेक खाचेत उतरवायची, दोऱ्यानं बांधायची, वर वार्निश पाजायचं. मिस्त्री वार्निश 'पाजायचं' म्हणत, लेकराला दूध पाजावं तसं. ते वाळायला मोटरीच्या पोटात मोठा दिवा लावून ठेवत. दिवस कलला की शेडमध्ये ओळीनं मांडलेल्या मोटरींच्या पोटातून पिवळा उजेड पाझरायचा. मला ते बघायला फार आवडायचं. बाहेर सगळा मुलूख करपलेला आणि आत आपल्या हातानं भरलेलं काहीतरी उबेला वाळतंय. मी हात न धुता तिथंच पोत्यावर टेकायचो आणि बसल्या जागी झोपायचो. तेव्हाची दमणूक अशी होती, तिच्या पायथ्याशी झोप असायची. आताची दमणूक रात्रभर उशाशी जागी बसते.

मिस्त्रींचा एक नेम होता. भरलेली मोटर मळ्यात जोडायला गेलं, की पाणी पडल्याशिवाय त्या घरचं जेवायचं नाही. आपल्याकडं खेड्यात दारी आलेल्या कामकऱ्याला उपाशी कुणी जाऊ देत नाही. भर दुष्काळातही मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, ती तांबडी भाकरी पुढं यायचीच. पण मिस्त्री आधी पाइपाच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. पाणी आलं की पहिली ओंजळ स्वतः प्यायची, मग हात पुसून ताटावर बसायचं. नाही आलं तर पाण्याचा तांब्यासुद्धा न घेता सायकलवर टांग. "पानी न पडता जेवलो तर ती मजुरी न्हाई, भीक हाय," असं म्हणायचे. म्हणून बाहेरच्या कामावरून कुणी परत आलं, की ते 'काम झालं का' असं कधी विचारत नसत. 'जेवलास का' एवढंच विचारत. त्यातच सगळं आलं.

साळूमावशीची मोटर आम्ही भरून दिली ती त्याच दिवसांत. तिचा मळा गावापासून लांब, खडकाळ माळाच्या पोटात. नवरा दोनेक वर्षांपूर्वी गेलेला. जाण्याआधी त्यानं कागदी लिंबांची बाग लावली होती आणि ती नुकती धरायला लागली होती. मुलगा भानुदास, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. तो मोटर घेऊन गेला आणि जोडायला मिस्त्रींची वाट न बघता त्यानं स्वतःच तारा जोडल्या. तारांना आम्ही खुणेचे दोरे बांधून द्यायचो, पण दोरा बघून तार जोडायची असते हे त्याला कुणी सांगितलं असणार? काही दिवसांनी तो भर बाजारच्या दिवशी दुकानात आला आणि दहा गिऱ्हाइकांदेखत कडाडला, "करंगळीएवढं पानी येतंय! मोटरीत तार भरलीय का चिंध्या?" मिस्त्रींचा आवाज खाली गेला. "बबन, उद्या मळ्यात जाऊन ये." मला एकट्याला बाहेरचं काम पहिल्यांदाच मिळत होतं. त्या रात्री मी पाना, पकड, टेस्टर उशाशी घेऊन झोपलो होतो, आता हसू येतं.

मी पोचलो तेव्हा भानुदास खडीच्या कामावर गेलेला होता. विहिरीशेजारी सिमेंटचा लहान हौद, आणि हौदापुढं बायांची घागरींची रांग. आजूबाजूच्या दोन्ही वस्त्यांच्या विहिरी आटलेल्या, सगळ्यांचं पिणं या हौदावर होतं. हौदात पाइपातून बारीक धार पडत होती, करंगळीएवढीच. एक घागर भरेस्तोवर बायांची दोन घरांची उणीदुणी काढून व्हायची. साळूमावशी पायऱ्यांच्या कठड्याला टेकून बसली होती. काटकुळी, दातांना मिश्री, डोळे मात्र विहिरीच्या तळावर. "तू मिस्तरी व्हय?" तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "चालतीया की मोटर. काय बिघडलंय तिचं?"

मी पायऱ्या उतरून खालच्या टप्प्यावर गेलो. पंपाच्या अंगावर बाण कोरलेला असतो, चाक कुठल्या बाजूनं फिरायला हवं ते दाखवणारा. ग्रीस पुसून बघितलं तर मोटर बाणाच्या उलटी फिरत होती. तीन तारांतल्या दोन तारांची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. उलटा पंपही थोडंफार पाणी फेकतो, पण त्यात जोर नसतो. एवढंच होतं. मी दोन तारा बदलल्या, वर आलो आणि ऐटीत बटण दाबलं. पाइपानं एक उचकी दिली आणि मनगटाएवढी धार हौदात कोसळली. बाया मागं सरकल्या. हौद भरायच्या आत त्याच्या उघड्या मोरीतून पाणी पाटात उतरलं आणि लिंबांकडं धावलं. मी पहिली ओंजळ प्यालो. कोमट, गाळाची चव. तरी त्या क्षणी मला वाटलं की दुष्काळ मीच हटवला.

मग पंप ओरडायला लागला. विहिरीच्या तळातून हवा ओढल्याचा घशातला आवाज आला आणि धार तुटली. मी धावत जाऊन बटण बंद केलं. खाली बघितलं तर तळाचा गाळ उघडा पडला होता, त्यात एक बेडूक. पाटातलं पाणी पहिल्या झाडापर्यंतही पोचलं नव्हतं, वाटेतच जमिनीनं गिळलं. रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "आता सांजच्याला काय?"

साळूमावशी रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठनं येनार, लेकरा? झऱ्याला बोटाएवढं पानी हाय. मोटर तेवढंच वर आनत हुती. हुती तशी करून दे."

"मावशी, ती उलटी फिरत होती."

"फिरू दे."

"भानुदास दुकानात येऊन भांडतोय. तुमाला जास्त पानी नको असंल तर वेळ बघून बंद करा, पन मोटर सुलट असू द्या."

"मी बंद करीन, तो चालू करंल." तिनं बागेकडं हात केला. पानं मिटायला लागली होती. "त्याला झाडं दिसत्यात. बापानं लावल्यात, दिसनारच. सुलट फिरली की तो कामावनं आल्या आल्या बटन दाबनार, पाट सोडनार. झाडं तरतील का न्हाई देवाला ठावं. पन ह्या बायांनी कुठं जावं? मी काय रोज उठून पोटच्या पोराशी भांडू?" आणि मग, आवाज न बदलता, "झाडं मलाबी दिसत्यात रे. मीच पानी घालून वाढवल्यात."

मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. माझं पहिलं काम. सुलट झालेलं काम पुन्हा उलटं करून जायचं, म्हणजे मिस्त्रींनी शिकवलं त्यावर बोळा फिरवायचा. भानुदास पुन्हा येणार, पुन्हा बाजारात ओरडणार, दुकानाचं नाव जाणार. आणि मिस्त्री मला घरी पाठवणार, म्हणजे दुसऱ्या दिवशी आईशेजारी खडी फोडायला. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं. रांगेतल्या बाया कुणी माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या रिकाम्या घागरींकडं बघत होत्या. मी खाली उतरलो आणि तारा होत्या तशा करून दिल्या.

झऱ्याचं पाणी जरा साठेस्तोवर आम्ही थांबलो. मग मावशीनंच बटण दाबलं. बारीक धार सुरू झाली आणि पहिली घागर तिच्याखाली लागली. मावशी आत जाऊन भाकरी आणि कांद्याचा ठेचा घेऊन आली. "जेव." मी म्हटलं, मावशी, आमच्या मिस्त्रींचा नेम आहे. तिनं सगळा नेम ऐकून घेतला. "पानी पडतंय का न्हाई?" "पडतंय." "मग जेव की." मी जेवलो.

दुकानात परत आलो. मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं, "जेवलास का?" मी म्हटलं, जेवलो. ते पुन्हा कामाला लागले. पुढचे सहा-सात दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बाजारच्या दिवशी अपेक्षेप्रमाणे भानुदास आलाच. "मिस्त्री, तुमचं पोरगं जेवून गेलं आन मोटर तशीच! ह्याला काय म्हनावं?" मिस्त्रींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि अगदी खालच्या आवाजात भानुदासला म्हणाले, "रविवारी मी सोता येतो." तो गेल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं, झरा, बाया, झाडं, मावशी काय म्हणाली ते सगळं. त्यांनी एकच विचारलं, "पंपाच्या पंख्याचा नट बघितलास का? उलट फिरून ढिला हुतो तो." मी म्हटलं, न्हाई बघितला. ते पुन्हा वेटोळं गुंडाळायला लागले. मला वाटलं, संपलं आपलं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर ते पांढऱ्या सदऱ्यानिशीच सायकलवर गेले. मी दुपारपासून बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. घरी जाऊन आईला काय सांगायचं ते जुळवत होतो. ऊन उतरल्यावर ते आले. सदऱ्यावर ग्रीसचे डाग, बाही कोपरापर्यंत काळी. सायकल भिंतीला लावली, पिशवीतून पाना काढून फडक्यानं पुसायला लागले. त्यांच्या पुढ्यात विचारायचं माझं वय नव्हतं, पण मला राहवलं नाही.

"मिस्त्री, जेवलात का?"

त्यांनी पाना पुसणं थांबवलं नाही. "जेवलो," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते दिसू नये म्हणून मी सायकलची चेन बघत बसलो. थोड्या वेळानं मिस्त्री म्हणाले, "नट आवळून वर खीळ मारून आलो. आता ढिला व्हायचा न्हाई. उलटं काम करायचं, तर तेबी नीट करावं." मी विचारलं, भानुदासला काय सांगितलंत? "सांगितलं, मोटरीत खोट न्हाई, विहिरीत पानी न्हाई. दोन्ही खरं हाय." मग त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि घरी जा म्हणाले. त्या माणसाकडून मी पुढं पुष्कळ शिकलो, पण त्या पायरीवर शिकलो तेवढं पुन्हा नाही.

बाग वाळली. ते सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. त्या करंगळीएवढ्या धारेनं हौद राखला, घागरी राखल्या, दोन्ही वस्त्यांची उरलीसुरली गुरं राखली. पाट काही ओला झाला नाही. भानुदास खडी फोडून यायचा आणि आपल्या वाट्याच्या पाण्यातलं तांब्या-तांब्या नेऊन विहिरीजवळच्या ओळीला घालायचा. मी त्या बाजूनं जाताना त्याला वाकलेला बघितलंय. झाडांची पानं आधी मिटली, मग पिवळी झाली, मग काटे तेवढे राहिले. मोटर उलटी आहे हे रांगेतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. सगळा उन्हाळा कुणी तोंडातून शब्द काढला नाही. इतक्या बायांच्या पोटात एक गोष्ट इतके दिवस राहते, यावर आमच्या गावात आजही कुणी विश्वास ठेवणार नाही.

पुढं पाऊस झाला, विहिरींना पाणी आलं, आणि मावशीचा निरोप आला: मिस्तरीला म्हणावं, आता सुलट करून जा. मी गेलो. या वेळी भानुदास घरी होता. मी दोन तारा काढल्या, बदलून लावल्या, बटण दाबलं आणि मनगटाएवढी धार पडली. त्यानं धारेकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं, आणि मग आईकडं. त्याला कळलं. मावशीनं मान खाली घातली नाही. "व्हय, मीच सांगितलं हुतं," ती म्हणाली. भानुदास कुऱ्हाड घेऊन वाळल्या बागेत गेला. मला ताटावर बसवलं, पाणी पडलं होतं, मी जेवलो. तो काही जेवायला आला नाही. लाकडावर कुऱ्हाड पडल्याचा आवाज माझं जेवण होईस्तोवर येत होता.

बरोबर झालं की चूक, मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आताही येत नाही. मिस्त्री गेले, मावशी गेली, ज्यांना विचारावं अशी माणसं संपली. त्यानंतर मी किती मोटरी भरल्या, किती मळ्यांत जोडल्या. विहिरीच्या आत आडवी बोरं पाडली, मग उभी बोरं आली, मग शंभर फुटांची पाचशे झाली आणि पाचशेची हजारावर गेली. प्रत्येक जण एकच म्हणायचा, मिस्त्री, जोर वाढवा. पाणी कमी येऊ दे म्हणणारं माणूस मला एवढ्या वर्षांत पुन्हा भेटलं नाही. मीही जोर वाढवत गेलो. पोट त्यावरच भरलं, आता तोंड वर करून काय बोलणार.

परवा मोटरसायकलवरून उतरलो तर भानुदास कडुनिंबाखाली खाटेवर बसला होता. गालफडं बसलेली, हातात काठी. आम्ही बऱ्याच वर्षांपूर्वी बोलायला लागलो होतो. दोघांची मुलं एका शाळेत गेली, न बोलून चालतं कुठं. जुन्या विहिरीत आता ठिबकच्या नळ्यांचं भंगार टाकलंय. बागा पुन्हा झाल्या, लिंबंच, पहिल्यापेक्षा मोठ्या. पानं मिटायला लागलेली मी लांबूनच बघितली. ती कशी मिटतात ते मला पाठ आहे.

बोरमध्ये खोल सोडलेली मोटर दिसत नसते, बाण दिसत नसतो. म्हणून आमच्या कामात एका बाजूनं फिरवून बघायची, आणि पाणी नाही आलं तर तारा बदलून दुसऱ्या बाजूनं. मी केबल तपासली, मोटर ठणठणीत होती. चालू केली. पाइपाच्या तोंडाशी हात धरून उभा राहिलो. आतून नुसती वाफ आल्यासारखी हवा आली. तारा बदलल्या, पुन्हा चालू केली, पुन्हा हात धरला. मुलगा माझ्या तोंडाकडं बघत होता, मी पाइपाकडं. बराच वेळ हात तसाच धरून ठेवला, उगाचच. मग बटण बंद केलं.

भानुदास खाटेवरून म्हणाला, "आय असती तर म्हनली असती, उलटी करून दे."

"केली की. दोन्हीकडनं फिरवली."

"मग?"

"कुठल्याच बाजूनं न्हाई, भानुदास."

तो काठीनं मातीत रेघा ओढत राहिला. "तू सुलट ठिवली असतीस तर माझी झाडं वाचली असती, असं मी लई वर्सं मनात धरून हुतो," तो म्हणाला. "आता वाटतं, ती हीर तरी पुरली रे." मी त्याच्याशेजारी बसलो. आतून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. मुलगा म्हणाला, "काका, आईनं ताट वाढलंय, जेवूनच जा." मी काही म्हणायच्या आत भानुदास म्हणाला, "त्याला आग्रह करू नगं."

मुलानं मला परत आणून सोडलं तेव्हा दुपार टळून गेली होती. बायकोनं दार उघडलं. माझ्या पिशवीकडं बघितलं, मग तोंडाकडं. "जेवून आलात का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

आत जाऊन तिनं तवा ठेवला.